कंपूटरबाईची पेटी

जमुना गावंडे कॉम्प्युटर होती. हे वाचून कुणी दचकू नये. एकोणीसशे बासष्ट साली अमरावतीत संगणक नावाचं यंत्र कुणी चित्रातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. दिवसभर एका जागी बसून गुणाकार-भागाकार करणाऱ्या माणसाच्या पदालाच सरकारी कागदात 'कॉम्प्युटर' म्हणत. कॅम्पातल्या पीक-आकडेवारीच्या लहानशा कार्यालयात असं पद एकच होतं, आणि तेही हंगामी. दर सहा महिन्यांनी पुण्याहून मुदतवाढीचा कागद आला की जमुनाच्या जिवात जीव येई.

अकोला जिल्ह्यात चोहोट्ट्याजवळच्या तिच्या खेड्यात मात्र हा शब्द कुणाच्या पचनी पडला नाही. तिचे वडील जानराव यांनी पहिल्याच दिवशी पारावर छाती फुगवून सांगितलं, "माही पोरगी कंपूटर झाली." ऐकणाऱ्यांना कंपाउंडर तेवढा ठाऊक होता. पुढच्या खेपेला जमुना घरी आली तर ओसरीवर सात बायका बसलेल्या, कुणाच्या पोराला खोकला, कुणाचा कान फुटलेला. तिनं परोपरीनं समजावलं. बायकांनी मान डोलावली आणि विचारलं, "मंग गोई तरी दे ना, बाई." जानरावांनी महिनाभर लोकांची चूक सुधारली, मग त्यांचंही तोंड दुखलं. पोरगी सरकारात आहे, एवढं गावाला कळलं तरी पुरे, असं म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

खरं सांगायचं तर पोरगी नेमकं काय करते हे जानरावांनाही कळलेलं नव्हतं.

ती करत होती ते असं. देशात नवी मापं आली होती. पौंड गेले, किलो आले. एकर जाऊन हेक्टर आला. अकोला-अमरावतीकडच्या शेकडो गावांतली कापूस, ज्वारी आणि तुरीची एकरी पौंडांतली दहा वर्षांची आकडेवारी आता हेक्टरी किलोंत करायची होती. प्रत्येक आकड्याला एक पूर्णांक एक दोन शून्य आठ पाच यानं गुणायचं. असे अकरा हजार गुणाकार एकतीस मार्चच्या आत पुण्याला पाठवायचे होते. त्यासाठी कार्यालयाला एक परदेशी बनावटीचं आकडेमोडीचं यंत्र मिळालं होतं. पुढच्या पट्टीतल्या खाचांमधून लहान लहान दांडे हलवून आकडा लावायचा, उजवीकडची मूठ फिरवायची, की आतली दातेरी चाकं खडखडत आणि खालच्या खिडक्यांत उत्तर उमटे. सत्त्याऐंशीनं गुणायचं तर आधी सात फेरे. मग त्या खिडक्यांचा खालचा गाडा एक घर सरकवायचा, आणि आठ फेरे. जमुनाला त्या खडखडाटाची इतकी सवय झाली होती की, कोणत्या चाकानं कधी हातचा पुढे ढकलला ते ती नुसतं ऐकून सांगे.

आणि मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी तिनं ते यंत्र पाडलं.

झालं ते अगदी साधं. यंत्र रोज संध्याकाळी कपाटात ठेवायचं असे, आणि ते दोघांनी मिळून उचलायचं असा नियम होता. शिपाई रामराव टपाल टाकायला गेला होता. पाच मिनिटं थांबली असती तर काही बिघडत नव्हतं. पण जमुना शेतात वाढलेली. कापसाची गाठोडी उचललेल्या मुलीला चौदा शेराचं यंत्र काय जड, असं तिला वाटलं. कपाटापाशी सतरंजीच्या दुमडीत पाय अडकला, ती गुडघ्यावर आली आणि यंत्र फरशीवर आपटलं. खालचा लाकडी पाट उभा चिरला. मागचं पत्र्याचं झाकण आत दबलं, चाकांना घासू लागलं आणि मूठ अर्ध्या फेऱ्यावर अडकली. जमुनाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण तिला ते घरी जाईपर्यंत कळलंसुद्धा नाही.

तिनं मूठ हलकेच उलटी फिरवून पाहिली आणि तशीच उठून बापूसाहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "साहेब, यंत्र माझ्या हातून पडलं. एकटीनं उचललं होतं."

बापूसाहेब या कार्यालयाचे प्रमुख. पांढरं धोतर, काळा कोट, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी बेरीज चुकवल्याचा भाव. सत्तावीस वर्षं ते या खात्यात आकडे मोडत होते, तेही हातानं, आणि त्यांचा आकडा चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. यंत्र आलं तेव्हा त्यांनी ते दोन दिवस न्याहाळलं आणि "ठीक आहे, पोरांसाठी चांगलं आहे," एवढंच म्हणाले होते.

ते बाहेर आले. वाकून यंत्र पाहिलं. ओरडले नाहीत, याचीच जमुनाला जास्त भीती वाटली.

"परिपत्रक ठाऊक आहे ना, गावंडेबाई? यंत्राची दुरुस्ती फक्त मुंबईच्या एजंटाकडून. जायला पंधरा दिवस, यायला पंधरा, आणि मधे तो किती दिवस ठेवील ते देव जाणे. तोवर एकतीस मार्च गेला. यंत्र नाही तर यंत्र चालवणारं पद कशाला, असं पुण्याहून विचारतील. मला उत्तर देता येणार नाही."

म्हणजे नोकरी गेली. इतक्या शांतपणे सांगितलेलं ऐकून जमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडण्याआधी तिच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती बोलून गेली.

"साहेब, यंत्राला काही झालं नाही. मी मूठ उलटी फिरवून पाहिली, सगळी चाकं सरळ आहेत. पाट मोडला आन् झाकण दबलं. नव्या पेटीत बसवलं की चालंल. ही दुरुस्ती कुठं झाली? हे त बिऱ्हाड बदलणं झालं."

घाबरली की तिच्या बोलण्यात गाव येई. एरवी बापूसाहेबांनी तिथल्या तिथे टोकलं असतं. आता मात्र ते तडक आत गेले आणि नियमांचं जाडजूड पुस्तक चाळू लागले. पंधरा मिनिटांनी त्यांनी तिला बोलावलं. त्यांचं बोट एका ओळीवर होतं.

"लाकडी पाट, पेटी, झाकण, आवरण," ते एकेक शब्द चवीनं वाचू लागले, "हे सगळं फर्निचर. आणि फर्निचरचा अधिकार माझा." पुस्तक मिटून ते पुढे म्हणाले, "मी बुधवारी अकोल्याला तपासणीला जातोय. पुढच्या सोमवारी येईन. यंत्र चाललं तर एक फर्निचर बदललं. नाही चाललं, एक दाता जरी वाकला, तर ते दुरुस्तीच्या नावाखाली सरकारी यंत्र उघडणं होईल, आणि मग मला नुसतं पद रद्द करून भागणार नाही. समजलं?"

समजलं होतं. नोकरी जाणं वेगळं आणि ठपका घेऊन जाणं वेगळं. तरीही जमुना "हो" म्हणाली.

तिनं त्याच संध्याकाळी वडिलांना कार्ड लिहिलं. अकोल्याच्या जुन्या शहरात मोतीराम नावाचा पत्र्याच्या पेट्या करणारा कारागीर होता. तिची कॉलेजची ट्रंक त्यानंच केलेली होती आणि ती नदीच्या पुरात भिजूनही गंजली नव्हती. कार्डात तिनं मापं दिली. सोळा इंच लांब, नऊ रुंद, आठ उंच. खाली सागवानी फळी, तिला चार कोपऱ्यांपासून इंचभर आत चार भोकं. वरून, मागून आणि दोन्ही अंगांनी पत्रा, पुढची बाजू उघडी. उजव्या अंगाला मुठीसाठी दोन इंचांचं भोक. सगळं बारीक अक्षरात, एकही शब्द वाया न घालवता. आणि वरती मथळा: कॉम्प्युटरची पेटी.

पुढच्या शुक्रवारी दुपारी जानराव स्वतःच कार्यालयाच्या दारात उभे राहिले. एसटीत मूर्तिजापूर-बडनेऱ्यामार्गे सगळी वाट त्यांनी पेटी मांडीवर धरून काढली होती. खुशीत त्यांनी वरचं फडकं काढलं आणि जमुनाची बोलतीच बंद झाली.

पेटी देखणी होती, यात वाद नाही. मापं सुतासारखी बरोबर, फळी रंधा मारून गुळगुळीत केलेली, पत्रा हिरव्या रंगानं रंगवलेला. पण आत एकसारख्या चोवीस कप्प्यांची पत्र्याची चौकट बसवली होती, आणि झाकणाच्या मधोमध तांबड्या रंगात ठसठशीत फुली काढलेली होती. दवाखान्यावर असते तशी.

"बाबा, हे काय?"

"काय म्हंजे? औषधाच्या बाटल्यायसाठी. मोतीराम म्हने, कंपाउंडरबाईची पेटी हाय, चांगली झाली पायजे."

"तुमी त्याले सांगतलं नाई?"

"काय काय सांगू, बाई? म्या म्हनलं कंपूटर. थो म्हने हौ, कंपाउंडर. म्या तीनदा म्हनलं. मंग म्हनलं जाऊ दे." जानरावांनी जरा ओशाळून पेटीवरून हात फिरवला. "पन माप पाह्य त खरं. समोरून उघडी काहून, त म्हने बाटल्यायवरचे कागद दिसले पायजे. अन् हे भोक, थे डाक्टरची छातीले लावाची नई बाहेर काढाले. त्यानं समदं बराबर डोक्यात बसवलं."

जमुनानं कपाळावर हात मारला. मग तिला हसू आलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच ती पोट धरून हसली. रामराव धावत आला. त्यानं पेटी पाहिली, झाकणावरची फुली पाहिली आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "बाई, बेरजेचं चिन्ह काढलंय. आपल्या कामालाच आहे."

हसणं ओसरल्यावर जमुनानं ती चौकट उचलून पाहिली. ती नुसती टेकवलेली होती, झाळलेली नव्हती. सहज बाहेर आली. चोवीस कप्पे. तिनं यंत्राकडे पाहिलं. पाट सोडवायचा तर आधी मूठ काढावी लागणार, मग पुढची पट्टी, मग गाडा, मग दोन्ही अंगांचे आधार, आणि या सगळ्याचे मिळून तेवीस स्क्रू. दिसायला सारखे, पण लांबीला गव्हा-तांदळाएवढा फरक. भलत्या भोकात भलता गेला तर टोक आत घुसून चाकाचा दाता मोडणार. आठ दिवस तिला झोप नव्हती ती याच विचारानं. ते सगळे स्क्रू क्रमानं कसे ठेवायचे याचं उत्तर मोतीरामनं चुकून करून पाठवलं होतं.

तिनं जुन्या छापील नमुन्यांच्या कोऱ्या पाठीवर यंत्राची चार बाजूंनी चित्रं काढली. प्रत्येक स्क्रूला आकडा दिला. त्याच आकड्यांच्या चिठ्ठ्या कप्प्यांत चिकटवल्या. रामरावनं शेजारच्या शिंप्याकडून शिलाई मशीनचा पेचकस आणि तेलाची कुपी आणली. टेबलावर स्वच्छ धोतराचं पान अंथरलं, आणि जानरावांचं काम एकच ठरलं: खिडकीपाशी बसून कुणी दार-खिडकी उघडून वारा आत सोडणार नाही हे बघायचं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात मार्चात हवेतसुद्धा कापसाचे तंतू उडत असतात, आणि एक तंतू चाकात गेला की चाक जड होतं.

मूठ आधी आपल्या जागी, खालच्या खाचेत आणून ठेवायची. हे ती कधीच विसरली नसती. मूठ अधांतरी असताना गाडा ओढला तर आतला सगळा डाव गुंततो. मग पहिला स्क्रू. तो जागचा हलेना. पाटाच्या लाकडात गंजून बसला होता. जमुनानं जोर लावायला हात आवळला, तोच खिडकीपाशी बसलेले जानराव म्हणाले, "नोको. जोर लावू नोको. पेरनीच्या तिफनीचा नट अटकला त आमी काय करतो? पयले आणखी आवळाचा. इतुकसा. मंग सोडाचा."

तिनं स्क्रू आधी केसभर आवळला. करकर झाली. उलटा फिरवला तर तो सुटला.

शुक्रवारची दुपार आणि शनिवारचा सगळा दिवस त्यात गेला. यंत्राचं पोट, म्हणजे चाकांचा तो जड कणा, तिनं जानरावांच्या मदतीनं दोन्ही अंगांनी उचलून अलगद नव्या फळीवर ठेवलं. फळीतली भोकं नेमकी जुळली. मोतीरामला तिनं मनातल्या मनात हात जोडले. मग एकेक कप्पा रिकामा होत गेला. उन्हं कलायच्या आत यंत्र उभं राहिलं, हिरव्या झाकणात, डोक्यावर तांबडी फुली मिरवत.

तिनं उजवीकडच्या सहा खिडक्यांत नऊ आणले. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. एक मिळवला. खडखड, खडखड, खडखड असा हातचा एका घरातून दुसऱ्या घरात पळत गेला आणि खिडक्यांत एकावर सहा शून्यं दिसली. जानरावांनी टाळी वाजवली.

मग जमुनाची नजर कप्प्यांवर गेली. तेविसाव्या कप्प्यात एक स्क्रू उरला होता.

यंत्र चालत होतं. उत्तर बरोबर होतं. हा बारकासा स्क्रू खिशात टाकला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. रामराव तर म्हणालासुद्धा, "बाई, परदेशातले लोक एखादा जास्तीचा देतच असतील."

"नाही देत," जमुना म्हणाली. चित्रात तेविसाव्या आकड्याची जागा तिनं शोधली. ती अगदी आतली होती, हातचा पुढच्या घरात ढकलणाऱ्या खटक्याच्या मागची. तो स्क्रू नसला तरी खटका आज काम करणार. शंभर फेऱ्यांनी, हजार फेऱ्यांनी ढिला पडणार, मग एखादा हातचा गाळणार, आणि कोणत्या गावच्या आकड्यात गाळला ते कुणालाच कळणार नाही. ती खाली बसली.

रविवारी सकाळी तिनं यंत्र पुन्हा पहिल्यापासून खोललं. खटक्याच्या मागे स्क्रू बसवला, पण जागा इतकी अडचणीची होती की तो पुरता आवळला गेला की नाही याची तिला खात्री वाटेना. पेचकस तिरका लागत होता. तिनं चारदा आवळला. मग बाकीचे बावीस लावले, आणि तेवीसच्या तेवीस कप्पे रिकामे झाले. नव्व्याण्णवाची परीक्षा दहा वेळा घेतली, दहाही वेळा बरोबर. तरी मनातली शंका जाईना.

सोमवारी साडेदहाला बापूसाहेब आले. काठी कोपऱ्यात ठेवली आणि थेट यंत्रापाशी उभे राहिले. फुलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. जानराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, तिथून दारातून आतलं सगळं दिसत होतं.

"घ्या," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि एक कोरा कागद पुढ्यात ओढला. "कापूस, एकरी चारशे सत्त्याऐंशी पौंड. हेक्टरी करा. मीही करतो."

जमुनानं एक, एक, दोन, शून्य, आठ, पाच लावले. सात फेरे. गाडा एक घर. आठ फेरे. पुन्हा एक घर. चार फेरे. बापूसाहेबांची पेन्सिल एकदाही न अडखळता चालली होती, आणि ते यंत्राच्या मागून दोनच क्षणांत थांबले.

"काय आलं?"

"पाचशे पंचेचाळीस पूर्णांक आठ पाच."

बापूसाहेबांनी आपला कागद तिच्याकडे वळवला. पाचशे पंचेचाळीस पूर्णांक सात पाच.

एका आकड्याचा फरक, एकाच घरात. हातच्याचा फरक. खटका, जमुनाच्या मनात आलं, तो खटकाच. स्क्रू तिरका बसला असणार. संपलं. तिला स्पष्ट दिसलं की आता आपण कबूल करायचं, शनिवारी एक स्क्रू उरला होता हे सांगायचं, आणि ट्रंक भरायची. तिनं बोलायला तोंड उघडलं.

"पोरी," व्हरांड्यातून जानरावांचा आवाज आला, "मले काई समजत नाई. पन तू सोताच्या हातानं करून त पाह्य."

बापूसाहेबांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल जमुनापुढे सरकवली.

तिनं गुणाकार मांडला. सातानं गुणून एक ओळ, आठानं दुसरी, चारानं तिसरी. प्रत्येक आकडा तिनं मोठा आणि सावकाश काढला. मग बेरीज, उजवीकडून. पाच. नऊ. तेराचे तीन, हातचा एक. पंधराचे पाच, हातचा एक. आता पाचवं घर. आठ आणि सहा चौदा, चौदा आणि तीन सतरा.

आणि हातचा एक, अठरा.

तिनं आठ लिहिला. पुढची बेरीज पूर्ण केली. मग तिनं बापूसाहेबांच्या कागदावर पाचवं घर पाहिलं. तिथे सात होता. सतराचा सात.

यंत्र बरोबर होतं. एका क्षणात सगळा आनंद तिच्या अंगात भरून आला, आणि दुसऱ्या क्षणी तो ओसरला. कारण आता हे बोलायचं होतं, सत्तावीस वर्षं न चुकलेल्या माणसाला, ज्याच्या एका सहीवर तिची नोकरी होती. गप्प बसली तर यंत्र चुकलं असं ठरेल. बोलली तर काय होईल ते तिला कळत नव्हतं. पण आकडा आठ होता. तो सात म्हणणं तिला जमणार नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, आणि आवाज फारच बारीक निघाला म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "साहेब, तुमचा हातचा राहिला."

रामराव दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन आला होता, तो तिथेच थिजला.

बापूसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. तिचा कागद जवळ घेतला. बोट पाचव्या घरावर ठेवून ते खालून वर, वरून खाली गेले. मग आपल्या कागदावर गेले. असं त्यांनी तीनदा केलं. शेवटी पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा एकाएकी फार थकलेला दिसला, आणि जमुनाला इतकं वाईट वाटलं की, आपण नसतो बोललो तर बरं झालं असतं असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"आज राहिला," ते हळू म्हणाले. "आज तुम्ही होता म्हणून सापडला. मग याआधी कुठं कुठं राहिला असेल?"

मग त्यांनी हाक मारली, "रामराव, कपाटावरचे जुने तक्ते खाली काढ. पस्तीस सालापासूनचे."

"सगळे, साहेब?"

"सगळे. गावंडेबाई, आधी हे अकरा हजार एकतीस मार्चच्या आत पुरे करा. मग तक्ते घ्या. पहिल्या पानापासून. माझी सही दिसली म्हणून कुठं थांबायचं नाही." त्यांनी दौत पुढे ओढली. "सहा महिन्यांत हे होणार नाही. मी पुण्याला वर्षभराची मुदत मागतो."

ते तिथल्या तिथे लिहायला बसले. लिहून झाल्यावर, कधी नव्हे ते, त्यांनी मसुदा तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "वाचून बघा. आज माझ्यावर विसंबू नका."

जमुनानं वाचलं. कॉम्प्युटरचं पद आणखी एक वर्ष चालू ठेवण्याची विनंती होती. खाली कारणाच्या रकान्यात त्यांच्या त्या वळणदार, ठाम अक्षरात लिहिलं होतं: 'कार्यालयप्रमुखाच्या स्वतःच्या आकडेमोडीत चूक आढळली असून ती सदर कॉम्प्युटरने दाखवून दिली आहे.'

अक्षरं तिला धूसर दिसू लागली. तिनं कागद परत दिला, कसाबसा नमस्कार केला आणि बाहेर व्हरांड्यात आली. जानराव बाकावरून उठले.

"काय झालं, बाई?"

"बाबा, वर्षभर राह्यली नोकरी."

"अन् यंत्र?"

"यंत्र बराबर होतं. साहेब चुकले."

जानरावांचा चेहरा पडला. मोठ्या माणसाची चूक काढणाऱ्याचं काय होतं हे त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ पाहिलं होतं. "मंग?" त्यांनी घाबरून विचारलं.

"मंग त्यायनं थे लिहून देल्लं. सोताच्या सहीनं. पुन्याले पाठोन राहिले."

जानरावांनी दारातून आत पाहिलं. बापूसाहेब मान खाली घालून जुन्या तक्त्यांवरची धूळ फडक्यानं झटकत होते. जानरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि दारातूनच, ते पाहत नसतानाही, त्यांना वाकून रामराम केला.

"जाय, कामाले लाग," ते जमुनाला म्हणाले. "अकरा हजार करायचे हायेत ना तुले."